डब्यांची सोयरीक

उपकेंद्रातल्या लशींच्या फ्रीजपुढे उभ्या राहिल्या की शालन कांबळे सिस्टरांच्या अंगात वेगळीच बाई शिरायची. मुदत आधी संपणारी लस पुढे, उशिरा संपणारी मागे, आणि बाटल्यांच्या रांगा अशा सरळ की कवायतीला उभ्या केलेल्या पोरांनी लाजावं. एकदा कुणीतरी आपली पाण्याची बाटली त्या फ्रीजमध्ये गार करायला ठेवली, तर सिस्टरांनी बाटलीबरोबर त्या माणसालाही उन्हात उभं केलं होतं. लेकरांना डोस द्यायला आलेल्या गडमुडशिंगीच्या बायका म्हणायच्या, "सिस्टरांचं घर कसं आरशागत असंल, न्हाय?"

तेव्हा शालनताई सिरिंजमध्ये औषध भरण्यात एकदम गढून जायच्या.

कारण कोल्हापुरातलं आपलं घर त्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकखोलीत श्रीखंडाचे डबे होते, आइस्क्रीमचे डबे होते, फरसाणाच्या बरण्या होत्या, तांबडा रस्सा पार्सल आणलेले काळे डबे होते. नुसते होते असं नाही, वाढत होते. साखर आवळा कँडीच्या बरणीत, चहापूड कॉफीच्या बाटलीत आणि जिरं बेबीफूडच्या पत्र्याच्या डब्यात. ते बेबीफूड खाल्लेलं बाळ, म्हणजे त्यांची लेक संघप्रिया, आता फिजिओथेरपिस्ट होऊन इचलकरंजीच्या एका दवाखान्यात लोकांचे खांदे दाबत होतं. डबा मात्र जागचा हलला नव्हता. कुणी टाकायला उचलला की शालनताई म्हणायच्या, "असू दे, लागतंय."

त्यांचे यजमान अण्णासो शिरोलीच्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेले. माणूस बोलायला कमी, पण बोलला तर नेमकं. दुपारी स्वतःचा चहा करायला गेले, की ते एकेक डबा उघडून वास घेत बसायचे. एकदा म्हणाले, "फौंड्रीत तापल्यालं लोखंड वतलं, पर एवढी भीती न्हवती वाटली. हितं झाकण उघडलं की काय निघंल, सांगता येत न्हाय."

शालनताईंनाही हसू यायचं. स्वतःवर हसायचं त्यांना वावडं नव्हतं. शेजारच्या सुलतानबीला त्या सांगायच्या, "मी दोन बायका हाय बग. हुशार हाय ती पगारावर हाय. घरात फुकट राबणारी हाय, ती ही असली."

पुढे जे घडलं ते संघप्रियाच्या लग्नावरून. कबनूरचा प्रसेनजीत खांदा धरला म्हणून तिच्या दवाखान्यात आला, खांदा सुटला तरी येतच राहिला, आणि दोघांनी आपापसात काय ते ठरवूनही टाकलं. आता मोठ्या माणसांनी एकमेकांची घरं बघायची तेवढी राहिली होती. रविवारी प्रसेनजीत, त्याची आई विठाबाई आणि त्याचे मामा येणार असा निरोप आला.

शालनताईंनी घर आवरलं. म्हणजे काय केलं? ओट्यावरचं, खिडकीतलं, फ्रीजच्या डोक्यावरचं आणि खुर्चीखालचं सगळं उचललं आणि ओट्याच्या वरच्या कपाटात कोंबलं. दार लागेना. अण्णासोंना हाक मारली. त्यांनी खांदा लावला, यांनी गुडघा लावला, तेव्हा कुठं दार टेकलं. टेकलं, पण सोडलं की पुन्हा उघडायचं. शेवटी शालनताईंनी पर्समधून बँडेजची पट्टी काढली, कपाटाच्या दोन्ही मुठींना गच्च गुंडाळली आणि वर सुरेख गाठ मारली. तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव त्या गाठीत उतरला होता.

पाहुणे आले. जय भीम झालं, पोहे झाले, मामांनी पाऊसपाणी विचारलं. विठाबाई काटक बाई. जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरलेल्या, त्यामुळे एका जागी बसायची सवयच नाही. पाणी हवं झालं तशा त्या उठल्याच.

"बसा ताई, मी आणतो की," शालनताई धडपडत मागे धावल्या.

"ऱ्हाऊ द्या वं. पाण्यासाठनं कशाला दुसऱ्याला उठवायचं? गिलास कुठं हायत?" असं म्हणत विठाबाई आत शिरल्यासुद्धा. वर बघितलं तर कपाटाला बँडेज. त्यांनी ते जवळ जाऊन नीट न्याहाळलं. "अगं बया! ह्याला काय लागलंय?"

आणि शालनताई काही बोलायच्या आत त्यांनी सराईत हातानं गाठीचं टोक ओढलं.

पुढचा आवाज मामा अजून सांगतात. आधी एक श्रीखंडाचा डबा आला, चाचपणीला आल्यासारखा. मग सगळेच आले. बरण्या आल्या, काळे डबे आले, झाकणं आली, आणि डब्यातल्या डब्यातले डबे जमिनीवर पडून पुन्हा व्याले. एक झाकण तर उभंच्या उभं गडगडत बैठकीच्या खोलीत गेलं आणि प्रसेनजीतच्या पायाशी जाऊन आडवं झालं. विठाबाई कमरेएवढ्या ढिगात उभ्या होत्या. शालनताईंना वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. पण भुईवर तरी जागा कुठं होती?

अण्णासो दारात आले. त्यांनी ढिगाकडं पाहिलं, विठाबाईंकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, पावणं. आमच्यात डबं सोडून दुसरं कोण अंगावर येत न्हाय."

मामा हसले. पोरं हसली. विठाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि एकेक डबा, एकेक झाकण उचलून, उलटसुलट करून बघायला लागल्या. शालनताई "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत होत्या, पण बाईचं लक्षच नाही. जाताना त्या "बरं, निरोप धाडतो" एवढंच बोलल्या.

निरोप काही आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा झाला. संघप्रिया म्हणाली, "मम्मी, त्यांच्याकडं कुणीतरी आजारी आहे, म्हणून थांबलेत." पण शालनताईंचा निकाल लागला होता. पोरीची सोयरीक हुंड्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, आइस्क्रीमच्या डब्यांवरून मोडली, असं पंचक्रोशीत सांगितलं जाणार. गणतीत धरावं असं कारणसुद्धा नाही!

त्या रात्री अण्णासोंपुढे त्यांनी कारण मांडून बघितलं. शाहूवाडीच्या डोंगराकडच्या एका वाडीत त्यांचं बालपण गेलेलं. घरात तांदूळ कणगीत, मीठ नारळाच्या करवंटीत आणि तिखट एका फुटक्या गाडग्यात. झाकण असलेली वस्तू घरात एकच होती. "म्हणून मला डबा टाकवत न्हाय बगा," त्या हळव्या होऊन म्हणाल्या.

अण्णासोंनी थोडा विचार केला. "करवंटी तर करवंटी, पर मीठ सापडत हुतं न्हवं?"

शालनताई आधी रागावल्या आणि मग फसकन हसल्या. खरंच की. गरिबी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून तिच्या नावावर श्रीखंडाचे डबे जमा करतोय. गरिबीनं तरी कवा श्रीखंड बघितलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि सगळा संसार गच्चीवर नेला. संघप्रियानं तीन ढीग करायला सांगितले होते. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक टाकायचं. दुपारपर्यंत ठेवायच्या ढिगाचा डोंगर झाला, द्यायच्या ढिगात बऱ्यापैकी माल होता आणि टाकायच्या ढिगात एक फुटकी गाळणी. संध्याकाळी लेक बघायला आली तेव्हा गाळणीसुद्धा नव्हती.

"गाळणी कुठं गेली?"

"वाऱ्यानं उडाली असंल," शालनताई म्हणाल्या. ती त्यांच्या पदराआड होती.

मग त्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेल्या. दुकानदारानं एकसारख्या पारदर्शक बरण्यांचा मोठा संच दाखवला. सगळं आत कसं दिसतंय, पुन्हा शोधायला नको! वर त्यानं चार डबे फुकट दिले. शालनताई रिक्षातून विजयी मुद्रेनं उतरल्या. अण्णासोंनी पिशव्या आत घेतल्या आणि विचारलं, "पसारा कमी करायला गेलतीस न्हवं?"

"व्हय."

"मग हे काय, कमी करायचं सामान हाय व्हय?"

शेवटी शालनताईंनी स्वतःच्या बुद्धीवर फार विसंबायचं नाही असं ठरवलं आणि द्यायचा ढीग खरोखर देऊन टाकायचा बेत केला. चैत्राचे दिवस होते, नुकतीच डंकावरून चटणी कुटून आणलेली. कांदा-लसणाची ती लालभडक चटणी त्यांनी प्रत्येक डब्यात भरली आणि कॉलनीत घरोघरी वाटली. चटणीबरोबर डबाही गेला. शेल्फावर फळीचा रंग दिसला. किती वर्षांनी दिसला! तो हिरवा होता, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

पण आपण राहतो कुठं, हेही त्या विसरल्या होत्या. कोल्हापुरात रिकामा डबा कोण परत देतं का?

पहिली आली सुलतानबी. ईद झालेली. डब्यात काठोकाठ शिरखुर्मा.

"डबा ठेवून घ्यायचा हुता की गं," शालनताई काकुळतीला आल्या.

"ठेवून घेऊ? तुझा डबा? आणि रिकामा दिला असता तर माझी सासू कबरीतनं उठून आली असती. आणि हे बग, ह्यात मावंना, म्हणून दुसऱ्या डब्यात थोडा जादा आणलाय. त्यो डबा असू दे तुलाच."

मग आंबोळ्या आल्या, सांडगे आले, कैरीचं लोणचं आलं, कुणाकडून तरी गावच्या जत्रेची पुरणपोळी आली. आंबेडकर जयंतीला तर रांग लागली. गेले होते तेवढे डबे परत आले आणि येताना आपले मित्रही घेऊन आले. हिरवी फळी पुन्हा झाकली. लोणच्याच्या बरण्यांच्या गराड्यात शालनताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

विठाबाईच होत्या. "ताई, येताय न्हवं घर बघायला? धाकट्या जावंला दवाखान्यात ठेवलंतं, म्हणून उशीर झाला. रविवारी या."

रविवारी कबनूरला जाताना शालनताईंनी वाटेत नाही नाही ते मनात आणलं. घर बघायला बोलावलंय म्हणजे नकार नाही. पण दाखवून द्यायला बोलावलं असेल तर? बघा, स्वयंपाकघर कसं असतं!

आणि झालं तसंच. विठाबाईंचं स्वयंपाकघर खरंच दाखवण्याजोगं होतं. ओट्यावर एक काडी नाही. फळीवर पितळेचे पाच डबे, सगळे घासून चकचकीत. बरणीवर बरणी नाही. शालनताई इतक्या खचल्या की चहाचा कप हातात धरून त्या उभ्याच राहिल्या. बैठकीतून अण्णासोंचा आणि मामांचा गप्पांचा आवाज येत होता.

विठाबाईंनी दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "ताई, जरा परड्यात येताय काय? दाखवायचं हाय."

घरामागच्या परड्यात यंत्रमागाची जुनी शेड होती. माग कधीचेच विकले होते. विठाबाईंनी कडी काढली आणि दार उघडलं. म्हणजे अर्धंच उघडलं. त्यापुढं ते जाईना.

आत सूत गुंडाळायचे रिकामे कोन होते, छताला लागलेले. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या दोरीवर पताकांसारख्या टांगलेल्या. कापडाच्या चिंध्यांची बोचकी, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, कान तुटलेले कप. शालनताई बघतच राहिल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात इतकं सुंदर दृश्य त्यांनी पाहिलं नव्हतं.

"परवा दिवसभर प्रसेनजीत हेच आत टाकालता," विठाबाई म्हणाल्या. "नर्सबाईचं घर, म्हटलं, दवाखान्यागत असंल. आपलं बघून पोरगी द्यायच्या न्हाईत. जीव मुठीत धरून आलतो तुमच्यात. त्ये कपाट फुटलं, तवा माझ्या जिवात जीव आला बगा."

"मग हसला न्हाईसा ते?"

विठाबाई लाजल्या. साठीची बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली. "हसू कशी? मी शोधालतो." त्यांनी कोपऱ्यातला एक निळा डबा काढला. त्यावर पिवळं झाकण घट्ट बसलेलं होतं. "ह्याचं झाकण कवाच हरवलंतं. तुमच्या ढिगात बरूबर मापाचं दिसलं. इचारायला जीभ रेटंना, म्हणून… पिशवीत टाकलं."

मग शालनताई त्या शेडच्या उंबऱ्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. विठाबाई शेजारी बसून हसल्या. बैठकीतले पुरुष काय झालं म्हणून धावत आले, तर दोन्ही विहिणी डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मामांना वाटलं, सोयरीक मोडली.

तिथंच तो तह झाला. सुचला विठाबाईंना. "आपलं आपल्याला टाकवत न्हाय. तुमी माझं टाका, मी तुमचं टाकतो. मधी बोलायचं न्हाय. बोलंल तिनं वराडाच्या भाकरी थापायच्या."

पुढच्या रविवारी विठाबाई पदर खोचून आल्या. शालनताईंना बैठकीत बसवलं आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवायला सांगितलं. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा. विठाबाईंचे हात कांड्या भरल्यासारखे चालत होते. ठण, खड, धप्प. प्रत्येक आवाजाला शालनताईंना डबा ओळखू यायचा. हा फरसाणाचा. ही मधाची बाटली गेली. अगं बाई, तो निळ्या झाकणाचा! लागला असता तो! कशाला लागला असता, हे त्यांना सांगता आलं नसतं, पण लागला असता. त्यांचे ओठ हलायला लागले की अण्णासो समोरून पुटपुटायचे, "भाकरी."

मध्येच आवाज थांबला. विठाबाई दारात आल्या. हातात एक पोचा आलेला ॲल्युमिनियमचा डबा. "ह्यो?"

शालनताई नर्सिंगच्या शिक्षणाला कोल्हापूरला निघाल्या तेव्हा आईनं त्यात भाकरी आणि मिरचीचा खर्डा बांधून दिला होता. घरात झाकण असलेली तीच ती एक वस्तू. आईनं ती द्यायला नको होती, मागं घरात काही उरलं नसणार. पण तहात सूट मागायची नाही असं ठरवून बसल्या होत्या. त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "टाका." आणि घळाघळा रडायला लागल्या. लगेच सारवासारव केली, "हिंग उडाला डोळ्यात, हिंग."

विठाबाईंनी डबा पदरानं पुसला आणि आत नेऊन फळीवर ठेवला. परत येऊन म्हणाल्या, "एवढा टेम्पो भरून गेला, एकासाठनं तरी डोळ्यात हिंग गेला काय? ज्याच्यापायी रडू येतंय ते ठेवायचं. बाकीचं नुसतं सामान."

कबनूरला जाऊन शालनताईंनी आपला हिशेब चुकता केला. दुसऱ्याचं टाकताना हात किती सपासप चालतो, याचं त्यांनाच नवल वाटलं. कोन गेले, पिशव्यांच्या पताका उतरल्या, कान तुटलेले कप गेले. लशींच्या फ्रीजपुढची ती कडक बाई त्या दिवशी कबनुरात आली होती. चिंध्यांच्या बोचक्यावर मात्र विठाबाई तह विसरून ओरडल्या, त्यावर या ओरडल्या. "ह्या असल्या घरात पोरगी कशी नांदायची," असंही तोंडातून निघून गेलं, आणि अर्धा तास दोन्ही घरांची सोयरीक खरोखरच धोक्यात होती. अखेर प्रसेनजीतनं संघप्रियाला फोन लावून आवाज मोठा केला. ती म्हणाली, "दोघींनी आधी चहा घ्या. बोचकी आम्हाला द्या, मी गोधडी शिवून घेते." बोचकी राहिली. भाकरी दोघींच्याही अंगावर पडल्या.

लग्न विहारात साधेपणानं झालं. पोरांनी कोल्हापुरात भाड्यानं घर घेतलं, आणि दोन्ही आयांना दारावरच बजावलं की यायचं तर रिकाम्या हातानं यायचं. तेही दोघी पाळतात. म्हणजे दहांतून सात वेळा तरी.

शालनताईंच्या स्वयंपाकखोलीत आता हिरवी फळी दिसते. साखर साखरेच्या बरणीत असते. अण्णासो वास न घेता चहा करतात आणि पहिल्या दिवशी तर त्यांनी "काय मजा न्हाय राहिली" असंही म्हणून घेतलं. सुलतानबीला शालनताईंनी नवा नियम सांगितलाय, की चटणी हवी तर आपला डबा घेऊन ये. ती शिव्या देत येते, पण येते. कपाटात चार डबे जास्तीचे सापडले, तर शालनताई आपणच आपल्याला दटावतात, "सिस्टर, रांगेत उभं ऱ्हावा."

परवा त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तेव्हा कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत अण्णासोंची दुनिया. फौंड्रीतून आणलेले लाकडी साचे, गंजके नटबोल्ट, न चालणारे तीन पंखे. शालनताई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली.

अण्णासो खालून जिना चढत होते. त्यांनी ती चमक बघितली. ते पुढं झाले, बायकोला हळूच बाजूला केलं, आत गेले आणि आतून कडी लावून घेतली.

"अवो, मी नुस्तं बघालतो!"

"बघ तिकडनंच," आतून आवाज आला. "आणि हे बग, इहीणबाईंना फोन करू नको."